फाटकाचा कागद

बैठकीला जाताना माझ्या पिशवीत ठरलेलं सामान असतं. मोठे कोरे कागद, चिकटपट्टी, कात्री, जाड मार्कर आणि एक जास्तीचा मार्कर, कारण एक हमखास वाळलेला निघतो. बैठक आमच्या संस्थेच्या ताईंनी चालवायची, लिहायचं मी, अशी आमची वाटणी. माझे नियम दोनच. बोलणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत आणि कुणाचं नाव लिहायचं नाही. कागद भिंतीवर लावते, म्हणजे काय लिहिलं ते सगळ्यांना दिसतं.

अकोल्याच्या एका दालमिलमध्ये हे दोन नियम एकमेकांच्या आड आले.

मिलमधल्या बायकांच्या अडचणी समजून घ्यायला शेठनेच आम्हाला अमरावतीहून बोलावलं होतं. बैठक दुपारच्या सुट्टीत, गोदामाशेजारच्या खोलीत. शेवटी शेठ येणार, कागद वाचणार आणि तिथंच उत्तर देणार, असं ठरलं होतं. पिण्याचं पाणी, हातमोजे, संडासाची तुटलेली कडी असे तीन कागद भरले. दाराजवळ बसलेली एक बाई मात्र सारखी घड्याळाकडे बघत होती.

"तुम्हाला काही सांगायचंय का?" ताईंनी तिला विचारलं.

"सुट्टीत फाटकाले कुलूप कावून लावता, हे लिवा," ती एकदम म्हणाली. "माही सासू लकव्यानं खाटेवर हाये. घर इथंच, मिलच्या मांगं. मी रोज कोंड्याच्या शेडमागच्या भिंतीवरून उडी मारून जातो, तिले भरवतो अन् वापस येतो. आज तुमच्या मीटिंगीपायी ती उपाशी हाये."

हात सवयीने चालत होता. शेवटचा शब्द लिहून वळले, तर दोघीतिघी दाराकडे बघत होत्या. सुट्टीत बाहेर जाणाऱ्याला कामावरून काढलं जाईल, अशी पाटी फाटकावरच होती. आत येताना मी ती वाचली होती. कागदावर नाव नव्हतं. पण लकव्याची सासू आणि मागचं घर असलेली बाई त्या मिलमध्ये एकच.

"पोरी, तू तं सोताच्या हातानं कामावरून सुट्टी करून घेतली," शेजारची वयस्क बाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पुसा हो ते, म्याडम!"

जाड मार्कर पुसला जात नाही.

तेवढ्यात दारावर टकटक. शेठ. ताई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "पाचच मिनिटं, शेठजी."

"अरे, मी काय वाघ आहे का? घ्या, घ्या पाच मिनिटं." पण तो गेला नाही. दाराबाहेरच फोनवर बोलत उभा राहिला.

मी कागद काढला, घडी करून पिशवीच्या तळाशी घातला, नवा लावला. हळू आवाजात तिला विचारलं, "'काही बायकांना सुट्टीत घरी जायची गरज पडते', एवढंच लिहू?"

"असं लिवलं तं कुलूप कोन काढंन? भिंतीचं काढा. सासूचं राहू द्या."

"सासूवरून ओळखतील ना."

"ओळखू द्या. सासू काय लपवाची गोष्ट हाये?"

तिने सांगितलं तसं लिहिलं. शेठ आत आला. पहिले तीन कागद त्याने भराभर वाचले. "होऊन जाईल." चौथ्यापाशी थांबला.

"मग आत्तापर्यंत या सासूला दुपारचं कोण भरवत होतं?"

मार्कर माझ्या हातात होता, म्हणून त्याने माझ्याकडेच पाहिलं. मी पायाने पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"जे मांडायचं ठरलं, ते भिंतीवर आहे, शेठजी."

त्याने चौथा कागद पुन्हा एकदा वाचला. "ठीक आहे. पुढच्या आठवड्यापासून बघू."

ताई आभार मानायला लागल्या, तोच ती उठली. वयस्क बाईने तिचा पदर ओढला, तिने तो सोडवून घेतला.

"पुढच्या आठवड्याचं मंग पाहा, शेठ. ती आज उपाशी हाये."

शेठ तिच्याकडे वळला.

"तुझी सासू?"

"माहीच."

आता तो भिंतीचं विचारणार, असं मला वाटलं, पण त्याने दारातून चौकीदाराला हाक मारली. "कुलूप काढ. अर्ध्या तासात परत आली पाहिजे."

ती डबा उचलून निघालीसुद्धा. मी मार्करचं टोपण काढलं.

"शेठजी, आजच्यापुरतं लिहू की रोजचं?"

सगळ्या बायका कागदाकडे बघत होत्या. शेठनेही पाहिलं. "लिहा रोजचं. पण अर्धा तास म्हणजे अर्धाच."

त्याचं मन बदलायच्या आत मी ते ठळक लिहिलं आणि सहीसाठी मार्कर त्याच्या हातात दिला.

परतीच्या गाडीत मी तळाशी घातलेला कागद काढून कात्रीने बारीक बारीक कापायला घेतला. मूर्तिजापूर आलं तरी कापतच होते. समोरच्या काकांना राहवलं नाही.

"चांगला कागद कावून कापून राहिल्या, बाई?"

"जास्तीचं लिहिलं गेलं होतं," मी म्हटलं आणि पुढची पट्टी कापायला घेतली.