इरा समोरच्या घरी राहिली तेव्हा

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "पॅपिलरी कार्सिनोमा," त्या म्हणाल्या. म्हणजे थायरॉइडचा कॅन्सर. थायरॉइड ही गळ्यातली छोटी ग्रंथी. डॉक्टर सीरियाच्या, अगदी मऊ इंग्रजी बोलायच्या. "हा हळू वाढतो. बहुतेक पेशंट बरे होतात, इन्शाल्ला."

मी मान डोलावली आणि विचारलं, "ऑपरेशन सकाळी होईल का? दुपारी मुलीची शाळेची बस येते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरी आणखी कोण आहे?"

"मी आणि ती."

इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. घटस्फोटानंतर तिचे बाबा भारतात परतले, मी शारजातच राहिले. हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत शिपिंगचं काम बघते. सकाळी डबे, मग ऑफिसच्या बायकांनी मिळून लावलेली कारलिफ्ट, म्हणजे महिन्याच्या भाड्याची गाडी, संध्याकाळी भाजी, होमवर्क, युनिफॉर्मला इस्त्री. आजारी पडायला त्यात जागाच नव्हती. नोकरी गेली तर व्हिसाही जातो, ही धास्ती तर इथल्या प्रत्येकाच्या पोटात असतेच.

गाठ इरानेच पाहिली होती. लिफ्टच्या आरशात बघत म्हणाली, "मम्मा, युअर नेक इज फॅट ऑन वन साइड." दुखत नव्हतं, म्हणून मी हसले. पण ती रोज विचारायला लागली, तेव्हा गेले. सोनोग्राफी झाली, मग बायोप्सी, म्हणजे गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशींची तपासणी. तुमच्या गळ्याशी हाताला गाठ लागली, तर ती दुखायची वाट बघू नका.

माझ्या मॅनेजरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खलास, विषय संपला. ऑफिसचा विचार सोडा, नोकरी कुठे जात नाही." तो घोर मिटला. इराचा राहिला. नाशिकहून आईला येता येत नव्हतं, माझे बाबा अंथरुणाला खिळलेले.

समोरच्या फ्लॅटमध्ये लिझीचेची राहायच्या. केरळच्या; चेची म्हणजे तिकडे ताई. नवरा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, मुलं गावी कॉलेजात. आमची ओळख लिफ्टमधल्या हसण्यापुरती. ऑपरेशनच्या दिवशी इराला दुपारपुरतं ठेवून घ्याल का, असं मी भीत भीत विचारलं.

"एक दोपहर क्यों?" त्या म्हणाल्या. "मोळ इधर सोएगा. मेरा घर बहुत खाली है." मोळ म्हणजे त्यांच्याकडे लेक.

ऑपरेशन नीट झालं, ग्रंथी पूर्ण काढली. आवाज मात्र बसला, नुसती कुजबुज उरली. खरी परीक्षा पुढे होती. डॉक्टर म्हणाल्या, "आता रेडिओआयोडीन." ही किरणोत्सर्गी गोळी उरल्यासुरल्या पेशी मारते, पण काही दिवस आपल्याच अंगातून किरणं बाहेर पडतात. मुलांना जवळ घ्यायचं नाही.

मी इराला सगळं खरं सांगितलं. मुलांना खरं सांगावं, ती अर्धवट ऐकून जास्त घाबरतात. तिने विचार करून विचारलं, "विल यू ग्लो?"

"नाही गं."

"ओह." ती जरा नाराज झाली.

हॉस्पिटलच्या त्या वेगळ्या खोलीत नर्स दाराशी ट्रे ठेवून जायची आणि फोनवरून विचारपूस करायची. घरी सोडल्यावरही इरा चेचींकडेच होती. संध्याकाळी दोन्ही दारं उघडायची. मी माझ्या हॉलच्या टोकाला खुर्चीवर, ती त्यांच्या उंबऱ्यावर, मधे कॉरिडॉर. तिथून ती मला चित्रं दाखवायची.

एका संध्याकाळी ती उंबऱ्यावर आलीच नाही. चेची तिला उचलूनच दाराशी घेऊन आल्या. तापाने लाल झाली होती. मला बघून तिने हात पसरले. "मम्मा, प्लीज कम."

मी उठले. दारापर्यंत गेले. चौकट दोन्ही हातांनी धरली आणि तिथेच थांबले. आजारपणात मी एकदाच मोठ्याने रडले, ती तेव्हा.

चेची तिला मांडीवर घेऊन खाली बसल्या. "तुम उधर से बात करो," त्या म्हणाल्या. "मैं पकड़ के बैठी हूँ."

मग त्या फाटक्या आवाजात मी कॉरिडॉरपलीकडे गोष्ट सांगितली, कोल्ह्याची, मनाला येईल तशी. लिफ्टमधून माणसं उतरत होती, आमच्याकडे बघून दबक्या पावलांनी जात होती. चेची इराच्या कपाळावर ओली पट्टी बदलत होत्या. कोल्हा घरी पोचायच्या आत ती झोपली.

पुढचा स्कॅन स्वच्छ आला. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आयुष्यभर. थायरॉइडचं काम ती करते.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी इरा आली आणि माझ्या कुशीत शिरली. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. आम्ही कितीतरी वेळ तशाच पडून राहिलो. मग तिने डोकं वर करून विचारलं, "मम्मा, टुडे हिअर ऑर लिझीअम्माज हाऊस?"

मला क्षणभर टोचलं. पण लगेच छातीतलं काहीतरी सैल झालं. एवढी वर्षं मला एकाच गोष्टीची भीती होती, की मी नसले तर ही कुठे जाईल.

"तुला हवं तिथे," मी म्हणाले.