देवघरातला दात

आमचा नातू कुशल यानं आजोबावर पुस्तक छापलं, ‘बालाघाट के उद्योगरत्न’. माहा नवरा, रत्न! मी याहीचं नाव घेत नाही, पुस्तकावर लिवलं आहे मोठ्या अक्षरात, शालिकराम म्हनून. आतमंदी मी एकाच जागी: ‘धर्मपत्नी गोदाबाई धार्मिक स्वभाव की हैं.’ असं डोकसं तापलं माहं का त्यावर पोळी शेकली असती.

धार्मिक काहून, तर ऐका. मी लग्न करून आली तवा याहीनं तिरोडीच्या खाणीतून लढाईच्या काळातलं भंगार इंजिन आणून तांदळाची गिरणी टाकली होती. इंजिनाची लय अक्कल, पण धानाची काहीच नाही. ओलं धान गिरणीत टाकलं का तांदूळ फुटते, कनकी होते. पह्यल्या साली निरी कनकीच निघाली. माहे बाबा परसवाड्याच्या बाजारात धान पारखत, त्याहीच्या मांडीवर मी शिकली. दाणा दाताखाली धरा. कट् वाजला तर वाळला, चिपला तर ओला.

पण बायकोनं धान पारखलं तर लोक हासतीन ना! मंग याहीनं शक्कल काढली. गाडी आली का मूठभर धान घेत अन् म्हनत, "देवाले दाखवून येतो." देवघरात मी बसलीच असो. दाणा चावो, "अजून तीन दिस ऊन" म्हनो, अन् हे बाहेर जाऊन डोळे मिटून तेच सांगत. दूर हट्टा गावापासून लोक पाया पडाले येत, अव माय!

दुसरा गिरणीवाला दुलीचंद सेठ, त्यानं तर आपल्या गिरणीत संगमरवरी देऊळ बांधलं. धानाची मूठ घेऊन तासभर बसे बिचारा. त्याचा देव काही बोलेना. हासून हासून पोट दुखे माहं.

एका गिरणीच्या चार झाल्या, पोह्याचा कारखाना झाला. दर दिवाळीले मी म्हनो, "आता तरी सांगा लोकाइले." हे म्हनत, "सांगतो वं, घाई काय आहे?" पासष्ट वर्सं झाली, बापा! हे नव्वदीचे, माह्या तोंडात समोरासमोरचे दोनच दात, त्यातला एक हालता. आमच्या दोघांतलं एक गेलं असतं तर माह्या नावावर तो ‘धार्मिक स्वभाव’च राह्यला असता.

मागच्या महिन्यात गिरणीवाल्याइनं याहीचा सत्कार ठेवला. मी बायकाइच्या पह्यल्या रांगेत. दुलीचंद अध्यक्ष. त्यानं स्टेजवर धानाचं ताट आणलं अन् माइकवर म्हने, "दादाजी, आज सबके सामने बताइए, भगवान कैसे बताते हैं." याहीच्या तोंडात तर कवळी!

हे उठले, मूठभर धान घेतलं. "देवाले दाखवून येतो," म्हनाले. सगळ्याइले वाटलं, मागं गणपतीचा फोटो आहे तिकडं जातीन. हे मातर काठी टेकत पायऱ्या उतरले अन् सरळ माह्यासमोर येऊन मूठ उघडली.

"घे वं."

म्या दाणा चावला. दाणा चिपला, अन् त्याच्यासंगं माहा हालता दातही हातात आला. "ओला आहे," मी सांगतलं, "चार दिस ऊन पायजे." धान दुलीचंदच्याच गिरणीचं होतं. त्याचं तोंड पाहासारखं झालतं.

याहीनं तो दात तळहातावर घेतला. कुशलनं माइक आणून धरला. "पासष्ट वर्सं हाच देव बोलत होता," हे म्हनाले. "माह्या चारही गिरण्या या दातावर चालल्या. कुशल, पुस्तक पुन्हा छाप."

म्या पदरानं तोंड झाकलं. रडू का हासू, काही समजेना. मंग म्हनलं, आता कोनापासून झाकाचं? अन् एका दातानं सगळ्याइसमोर पोटभर हासली.

पण राग होताच. गाडीत बसल्याबरोबर विचारलं, "एवढंसं सांगाले पासष्ट वर्सं लागली?"

हे खिडकीतून बाहेर पाहत म्हनाले, "सकाळी पोळी दुधात भिजवताना पाह्यलं तुले. म्हनलं, देव आता जास्त दिस बोलनार नाही."