बावीस वर्षं अनवाणी

माझ्या मोठ्या बहिणीला मी घरी ताई म्हणते आणि कारखान्यात मास्तर. कपडे शिवण्याच्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तरच म्हणतात, मग ती बाई का असेना. मी तिथंच काजबटणाच्या मशीनवर बसते. माझी जागा तिच्या खोलीच्या दारासमोर आहे, त्यामुळे तिची बावीस वर्षं मी रोज बघितली आहेत. स्वतःबद्दल ती चकार शब्द काढायची नाही, म्हणून मी सांगते.

कटिंगची खोली लांबलचक आहे. मधोमध टेबल, त्यावर कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याची मशीन दोन्ही हातांनी धरून आखणीवरून फिरवायची. मशीन जराशी कलली तर वरचा तुकडा बरोबर येतो आणि खालचा फसतो. म्हणून मास्तर कधी बसत नाही. आणि या खोलीत चप्पल चालत नाही. फार पूर्वी कुणाच्या तरी बुटाच्या चिखलानं पांढरं ठाण वाया गेलं, तेव्हा मोठ्या मास्तरांनी हा नियम केला. मोठे मास्तर म्हणजे ताईचे गुरू. ते घरी बसले, टेबल ताईकडे आलं, आणि तिनं नियम आणखी कडक केला. एकदा मालक फोनवर बोलत बोलत बुटांसकट आत शिरले. ताईनं मशीन बंद केली, हाताची घडी घातली आणि ते बाहेर जाऊन बूट काढेपर्यंत तशीच उभी राहिली. मालकांच्या एका मोज्याला भोक होतं. आम्ही आठवडाभर हसत होतो.

अशी ही ताई एका सकाळी पलंगावरून उतरली आणि भिंत धरून उभी राहिली. आम्ही दोघी एकत्रच राहतो, त्यामुळे माझ्यापासून लपवणं शक्यच नव्हतं.

"काही नाही गं, टाचेत काटा गेलाय वाटतं," ती म्हणाली.

मी चष्मा लावून बघितलं. काटाबिटा काही नव्हता. दहा-बारा पावलं टाकली की दुखणं ओसरायचं, मग तिला वाटायचं, गेलं. दुपारी जेवायला बसून उठली की पुन्हा हजर. दोन महिने तिनं कारखान्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही. तेल चोळलं, गरम विटेनं शेकलं, चवड्यांवर चालून बघितलं. त्यानं पोटऱ्या तेवढ्या भरून आल्या. मी डॉक्टरचं नाव काढलं की हिच्या नाकावर राग. "टाच दुखते म्हणून दवाखान्यात? लोक म्हणतील मास्तर लाडावली."

मग पांढरे कोट आले. एका दवाखान्याच्या डॉक्टरांचे कोट शिवायचं हे काम दर तीन महिन्यांनी येतं. ताई दुखरा पाय सांभाळत सगळा भार दुसऱ्या पायावर टाकून कापत होती. अंग झुकलं, त्याबरोबर मशीनही झुकली. वरचे थर चोख, आणि खालचे वीस थर बोटभर अरुंद! बावीस वर्षांतली पहिली चूक. ती स्वतः जाऊन मालकांना सांगून आली.

मालक तसे वाईट नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही तपासणीला या. खुर्ची आहे, पंखा आहे, पगार तोच."

तपासणी म्हणजे तयार कपड्यांचे धागे कातरत बसायचं. कामात काही वाईट नाही, पण ताईचा चेहरा पडलेला बघून मला त्या पंख्याचासुद्धा राग आला.

"तीन महिन्यांनी हेच कोट परत येतील," ताई म्हणाली. "ते मी कापणार. चुकले तर आपणहून खुर्चीवर जाऊन बसेन."

मालक कबूल झाले. तोवर मोठं काम दुसरा एक माणूस येऊन कापणार, आणि ताई थोड्या थरांचं.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळजवळ ओढतच फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. त्यांनी टाच दाबून बघितली आणि विचारलं, "दिवसभर पायात काय असतं?"

"काहीच नाही," ताई ताठ मानेनं म्हणाली. "बावीस वर्षं अनवाणी. फरशीवर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. या दुखण्याला प्लांटर फॅशायटिस म्हणतात. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. तासन्तास कडक जमिनीवर उभं राहून तो टाचेपाशी दुखावतो. रात्रभरात आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

"म्हणजे शिवणीचा सगळा ताण एकाच टाक्यावर येतोय," ताई म्हणाली.

"अगदी तसंच. आता तो टाका तुम्हीच सांभाळायचा."

पलंगावरून उतरण्याआधी चवड्याला टॉवेल अडकवून पाय स्वतःकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. संध्याकाळी पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली फिरवायची, कामात मधूनमधून बसायचं. बहुतेकांना बरं वाटतं, पण काही महिने धीर धरावा लागतो. "आणि अनवाणी एक पाऊलही नाही," बाई म्हणाल्या. "घरातसुद्धा. टाचेखाली मऊ आणि तळव्याला आधार असलेले बूट हवेत."

ताईनं सगळं मान्य केलं, बूट सोडून. टॉवेल, भिंत, बाटली, सगळं घड्याळ लावून करायची, आणि कारखान्यात गेली की चपला दाराबाहेर! मी चिडले.

"ज्या दारात मी मालकांना अडवलं, त्या दारातून बूट घालून जाऊ?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती मोठ्या मास्तरांकडे गेली. मीही गेले. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. ताईनं सगळं सांगितलं, कोटांची चूकही सांगितली. त्यांनी वाकून तिच्या टाचेकडे बघितलं.

मग म्हणाले, "सकाळचं पहिलं पाऊल, नाही का? सुरी खुपसल्यासारखं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्यापायीच टेबल सोडलं मी. सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला. कंटाळा कसला! अजून आठ-दहा वर्षं कापलं असतं." ते बाहेर बघत म्हणाले, "नियम मी धुळीसाठी केला होता. पायांचं तेव्हा सुचलंच नाही."

ताईनं तिथलं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, त्यांचे पाय त्यावर ठेवले आणि पिशवीतल्या खडूनं कडेकडेनं रेघ ओढली.

"हे काय चाललंय?"

"माप घेतेय."

"वेड लागलंय का पोरी?"

दुसऱ्या दिवशी ताईनं कटिंगच्या दारात नवे कोरे बूट ठेवले. रस्ता न बघितलेले. सगळ्यांच्या मशिनी थांबवून ती म्हणाली, "धूळ नको हे बरोबरच आहे. पण या खोलीत सगळ्यांना फरशीवर अनवाणी उभं केलं, ते माझं चुकलं. आजपासून खोलीतले बूट वेगळे. ते खोलीतच राहतील."

'माझं चुकलं' हे ताईच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. कापड अंथरणाऱ्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि एकीनं हळूच विचारलं, "मास्तर, ते टॉवेलचं मलाही दाखवाल?" तिला वर्षभर दुखत होतं.

बरं वाटणं काही सरळ रेघेत आलं नाही. दुसऱ्या महिन्यात ताईला एकदम हलकं वाटलं, तशी तिनं व्यायामाला दांडी मारली. चौथ्या सकाळी बाईसाहेब पुन्हा भिंत धरून उभ्या! मी पोटभर बोलून घेतलं. त्यानंतर टॉवेल कधी चुकला नाही.

कोट आले त्या दिवशी ताईनं चाळीस थर लावून घेतले, दोन्ही पाय सारखे रोवले आणि मशीन सुरू केली. मी काजं करायची सोडून दारात उभी होते. मालक माझ्या शेजारी, मोज्यांवर. या वेळी मोजे नवे होते. कापून झाल्यावर ताईनं सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा तुकडा एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. कडेला कड. मालक म्हणाले, "ती खुर्ची दुसऱ्या कुणाला देतो." मला इतका अभिमान वाटला की मी कारखान्यात सगळ्यांदेखत तिला ताई म्हटलं.

दुपारी मोठे मास्तर आले. ताईनंच बोलावलं होतं. दारात येताच ते सवयीनं भिंतीला हात लावून चपला काढायला वाकले, आणि ताई फळीवरून एक जोड घेऊन आली. खडूच्या त्या रेघेवरून मोचीकडून करून घेतलेला, टाचेखाली मऊ गादी असलेला. तिनं स्वतः खाली बसून तो त्यांच्या पायांत घातला.

ते टेबलापाशी गेले. दोन्ही तुकडे त्यांनी उजेडात धरून बघितले आणि मान हलवली. मग ताईच्या हातातला खडू घेतला आणि पुढच्या ठाणावर आखायला लागले. अर्धा तास झाला तशी मी खुर्ची ओढत नेली. म्हटलं, "मास्तर, बसा आता थोडं."

"बसायलाच तर घरी गेलो होतो," ते म्हणाले, आणि ताईनं कापडाची दुसरी कड धरली.