पोळ्याच्या दिवशीचा भात

आमच्या घरी पोळ्याला पुरणपोळी होत नाही. रायपुरातल्या साऱ्या मराठी घरांतून त्या दिवशी पुरणाचा वास येतो आणि आम्ही वरणभात खाऊन गप्प बसतो. हा नेम माझ्या खापरपणजोबांचा. ते वऱ्हाडातून बैल हाकत इथे आले, आधी बैलांचे व्यापारी झाले, मग धान्याचे. गुरांचा बाजार त्यांनी बसवला, गुरांसाठी तलाव खोदला, आणि त्याभोवती शहराची वस्ती वाढत गेली. हे आम्ही येईल त्याला ऐकवतो, पाहुणा कंटाळला तरी सोडत नाही.

नेमाचं कारण मात्र चारचौघांत काढत नाही. दुष्काळाच्या साली वैरण संपली तेव्हा लोक बैल घेऊन त्यांच्या दारी आले. त्यांनी पायलीभर तांदळावर जोड्या घेतल्या आणि दूर नेऊन सोन्याच्या भावाने विकल्या. तलाव त्याच पैशातला. एक जोडी नेमकी पोळ्याच्या सकाळी आली. संध्याकाळी तिचा मालक परत आला, मिळालेल्याच तांदळातला घासभर भात शिजवून, बैलांना भरवायला. राखणदाराने त्याला फाटकावरून हाकललं. खापरपणजोबा माडीवरून पाहत होते आणि बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी पुरणाचं ताट दूर सारलं, ते कायमचं.

यंदा पोळ्याला एका चौकाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. भाषण माझ्याकडे, कारण घरात लिहिणारा मीच. सकाळी बाबा म्हणाले, "तलावाचं सांगशीन तं त्या भाताचंही सांगजो. मी आता किती दिवसाचा?"

"हव बाबा, सांगतो," मी म्हटलं. खरंच सांगणार होतो.

मंडपात हार, कॅमेरे, शहरातली बडी मंडळी. मी बाजार सांगितला, टाळ्या पडल्या. तलाव सांगितला, आणखी पडल्या. टाळ्यांची चटक वाईट. दुष्काळापाशी आलो आणि म्हणालो, "त्या साली त्यांनी गावोगावच्या लोकांना तांदूळ दिला." शब्द एकही खोटा नव्हता, म्हणून तर जास्त लाज वाटते. खाली बसताना बाबांकडे पाहायची हिंमत झाली नाही.

मग पंगत बसली, पानात पुरणपोळी आली. सगळ्यांच्या देखत मी ती खाल्ली. न खाता कारण काय सांगणार होतो? शेजारी बाबांनी मात्र हात लावला नाही. वाढणाऱ्याने विचारलं, "बाबूजी, काहून नाही खाऊन राहिले?"

माझं चावणं थांबलं. आता बाबा सांगणार, याची भीती वाटली आणि कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं.

"शुगर आहे," बाबा म्हणाले. बाबांना शुगर नाही.

परतताना गाडीत मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."



"तुयं एकट्याचं नाही," ते म्हणाले. "त्यानं विचारलं तवा मले सांगता येत होतं. पण तुया तोंडात घास होता."