आत्याला मी माइकवरून ‘ताई’ म्हटलं

काल मी इथे खोटं लिहिलं.

आत्या गेल्याच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं, “माझ्या वैरागच्या भाषणाला ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.”

पहिल्या रांगेत होती, हे खरं.
टाळ्या तिने वाजवल्या नाहीत. ती हात वर करून बसली होती.

तुम्ही खाली “भाग्यवान आहेस” असं लिहिलंत. ते मला वाचवेना, म्हणून ही दुरुस्ती.

माझी आत्या अंगणवाडी सेविका होती. वैरागच्या पुढे, आमच्या गावात. अख्खी गल्ली तिला बाई म्हणायची.
शाळेत नाव घालायच्या आधी मी तिच्याच ओट्यावर अक्षरं शिकले. शिकवून झालं की ती मांडी घालून माझ्यासमोर बसायची.

“आता मी बिनशाळेची. मला शिकीव.”

मी अडखळले की म्हणायची, “मला न्हाय कळलं म्हंजी तुला बी न्हाय कळलं. परत सांग.”

आता मी सोलापुरात पीएचडी करते. जमिनीखालच्या पाण्यातलं नायट्रेट हा माझा विषय. खतं आणि सांडपाणी जमिनीत मुरतं आणि बोअरमधून परत आपल्याच हंड्यात येतं.
आत्याच्या गल्लीतला बोअर माझ्या सॅम्पलमध्ये आहे.

दिवाळीनंतर विद्यापीठाचा एक कार्यक्रम झाला. संशोधकांनी आपलं काम साध्या माणसांना समजेल असं सांगायचं. माझा नंबर वैरागला लागला.
जाताना गाडीत माझे गाइड म्हणाले, “पेपर पब्लिश होईपर्यंत ‘पिऊ नका’ असं कुठंही म्हणायचं नाही. लोक पॅनिक होतात. आणि गावाचं नाव तर घ्यायचंच नाही.”

मी मान हलवली.

भाषण संपल्यावर आत्या उठली. इस्त्रीची साडी नेसून आली होती. माइक घेतला नाही, तिला कधी लागायचाच नाही.

“मी बायांना आजवर सांगत आले, ल्हान लेकरांना पानी उकळून द्या. ह्या तुज्या नायट्रेटला ते चालतंय का? व्हय का न्हाय, एवढंच सांग की.”

‘तुज्या’ म्हणाली तेव्हा मागे कुणीतरी हसलं.
मी सरांकडे बघितलं.
आणि म्हणाले, “ताई, आपला प्रश्न खूप चांगला आहे. हा मल्टिफॅक्टोरियल विषय आहे. आपला डेटा अजून प्रिलिमिनरी आहे. पुढील अभ्यास सुरू आहे.”

टाळ्या तेव्हा वाजल्या. आत्या हळूच खाली बसली.

ताई. सख्ख्या आत्याला.

उत्तर “न्हाय” एवढंच होतं. मला ते माहीत होतं.
उकळल्याने जंतू मरतात, तेवढ्यापुरती आत्या बरोबरच होती. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तसंच राहतं. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते बाधू शकतं.
हे सांगायला कोणता पेपर लागतो?

कार्यक्रमानंतर जिन्यात तिने शेंगाचटणीचा डबा हातात ठेवला.
“ताई म्हनलीस व्हय मला? आता शाल-नारळ बी दे की.”
मी हसले. तीही हसली.
मग म्हणाली, “भाषण झ्याक झालं. माज्या डोक्यात न्हाय शिरलं, ती गोष्ट येगळी. वय झालं की माझं.”

लहानपणी मला म्हणायची, तिला नाही कळलं तर मलाही नाही कळलं. त्या दिवशी तिने दोष स्वतःकडे घेतला आणि मी घेऊ दिला.

“फोनवर सांगते, आत्या,” म्हणाले.
नंतर कितीतरी फोन झाले. ज्वारी, थंडी, माझं लग्न. पाण्याचं तिने परत काढलं नाही. मला वाटलं, विसरली.

परवा तिला पोहोचवून आलो. शेजारच्या शोभावहिनी तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आल्या.

“बाईंनी उकळा म्हनायचं बी सोडलं हुतं. इचारलं की म्हनायच्या, थांबा, माजी रजू सांगनार हाय, तिनं तपासलंय. मग? काय निगालं गं आमच्या पान्यात?”

अख्खी गल्ली माझ्यासाठी थांबली होती.

मी म्हणाले, “वहिनी, आज नको.”
आणि सोलापूरला येऊन टाळ्यांची ती पोस्ट लिहिली.

आज सकाळी शोभावहिनींना फोन केला. बाळाच्या दुधात बोअरचं पाणी घालू नका, उकळूनसुद्धा नाही, आरओच्या जारचं घाला, असं सांगितलं. त्या म्हणाल्या,

“एवढंच व्हय? मग तवाच सांगायचं की.”

सरांनाही मेसेज केला की गावाला त्यांच्या पाण्याचा रिझल्ट मी सांगणार आहे. त्यांनी वाचलाय.
पेपरवरून माझं नाव जाईल का, पुढे काय होईल, माहीत नाही. भीती वाटत नाही असं लिहिलं तर ते परत खोटं होईल.

येत्या रविवारी आत्याचा जलदान विधी आहे. वंदना झाली की एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. पप्पांनी माझं नाव दिलंय.
तिचे गुण मी सांगणार नाही. ते गल्लीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तिने विचारलेला प्रश्न सांगेन, आणि मग त्याचं उत्तर. आमच्याच बोअरचं, गावाचं नाव घेऊन. बायका “परत सांग” म्हणतील तितक्यांदा.

आत्या, भावपूर्ण वगैरे मला आज लिहवत नाही. तुझा निरोप उत्तर दिल्यावर घेईन.

रविवारी, सकाळी दहाला, तुझ्या ओट्यावर.