मुठीच्या आतलं

तलवारी जमवणाऱ्या माणसाकडे तलवारी कमी आणि किस्से जास्त जमतात. माझ्याकडे जपानी तलवारी दोन, त्यातली एक मोडकी. किस्से मात्र पोतंभर! एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो.

नागपुरात जपानी तलवारी कुठून आल्या, असं लोक विचारतात. अहो, इथली किती माणसं ब्रह्मदेशाच्या लढाईत होती! जपान्यांनी शरण येऊन तलवारी खाली ठेवल्या, त्यातल्या काही ट्रंकांमधून, होल्डॉलांमधून इकडे आल्या आणि गाद्यांखाली झोपल्या. त्यांना उठवायचं काम आमचं.

आम्ही म्हणजे तिघं. मी कॉलेजात धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालो. प्रकाशशेटचं इतवारीत भांड्यांचं दुकान, टिचकी मारून धातू ओळखतात. तिसरा गजभिये, रेल्वेतला माणूस, तोही निवृत्त. दर रविवारी सकाळी आम्ही त्याच्या मनीषनगरच्या घरी जमतो, कारण तिथे सुमनवहिनींचा चहा मिळतो.

तलवार ओळखायची रीत सोपी आहे. पात्याच्या चमकेवर जाऊ नका, खरी कुंडली मुठीच्या आत असते. मुठीत बांबूची एक खुंटी असते. ती हलकेच ठोकून काढली की मूठ निघते आणि आतलं लोखंड दिसतं. हाती घडवलेली जुनी असेल तर त्यावर काळा मुरलेला गंज आणि कारागिराचं नाव. लढाईसाठी कारखान्यात बनवलेली असेल तर ठोकलेला नंबर. म्हणून मी प्रत्येकाला पहिली ताकीद देतो, "बाकी काय वाट्टेल ते करा, आतला गंज पुसू नका! तो पुसला की ब्रह्मदेव आला तरी वय सांगू शकणार नाही!"

हे सगळं आम्ही छातीठोक सांगतो. एकच तलवार आम्ही चार वर्षांत उघडली नव्हती, ती खुद्द गजभियेची. त्याचे वडील ब्रह्मदेशात हवालदार होते. एका जपानी मेजरनं ती दोन्ही हातांनी त्यांना दिली आणि म्हणाला, "सात पिढ्यांची आहे, सांभाळा." गजभियेनं ही गोष्ट बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे सांगितली आहे. आत नाव निघालं तर बाप खरा. नंबर निघाला तर सात पिढ्या गेल्या वाऱ्यावर! त्यामुळे उघडायचा विषय निघाला की गजभिये म्हणायचा, "पुढच्या रविवारी पाहू न गा."

* * *

जरीपटक्यातून एक तरुण आला. बॅटच्या कव्हरमध्ये तलवार, चेहऱ्यावर तेज. "सर, चारशे वर्षं जुनी आहे. ऑनलाइन घेतली. सर्टिफिकेट पण आहे!"

शेटनी टिचकी मारली आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी मूठ काढली. आत इंग्रजीत स्वच्छ छापलं होतं, 'स्टेनलेस'.

मी म्हटलं, "बाबा रे, चारशे वर्षांपूर्वी जपानात स्टेनलेस?"

तो क्षणभरही अडखळला नाही. "सर, जपान पहिल्यापासूनच पुढं आहे!"

त्याला आम्ही चहा पाजूनच पाठवला.

* * *

एक म्हातारेबुवा गावाकडून आले, धोतराच्या फाळक्यात गुंडाळलेली तलवार घेऊन. आत नाव नव्हतं, नंबरही नव्हता. पण पातं मधोमध असं झिजलेलं, की मला भरतंच आलं. मी अर्धा तास बोललो. पिढ्यान् पिढ्या पॉलिश करणारे हात, एकेका थरानं कमी होत गेलेलं पोलाद, कमीत कमी तीनशे वर्षांची झीज! सुमनवहिनी कपबशा घेऊन दारातच उभ्या राहिल्या ऐकत.

म्हातारबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं नाही जी. बावीस वर्षं म्हशीचा कडबा याच्यानंच कापून राहिलो."

शेट त्या दिवशी हसताना खुर्चीवरून पडले. माझं म्हणणं अजूनही असं आहे की, निदान शंभर वर्षांची झीज म्हशीच्या आधीची होती!

* * *

शेटना पात्यांत रस नाही. पातं आणि मूठ यांच्यामध्ये जी नक्षीची चकती असते, तिचा त्यांना नाद. एकदा इतवारीतच एका बाईच्या घरी त्यांना तशी चकती दिसली. जुनं लोखंड, त्यावर उडणारे दोन हंस, आणि वर उकळत्या वरणाचं पातेलं!

शेट मुरलेले व्यापारी. काळजात ढोल वाजत असताना चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा करून म्हणाले, "हे काय लोखंड ठेवलं ताई? द्या, बदल्यात स्टीलचं चांगलं स्टँड देतो."

बाईनं एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा शेटकडे. "भाऊ, तुम्ही इतकं तोंड पाडून मागून राहिले म्हंजे चीज भारीच असंल. नाही देत!"

अजून त्या चकतीवर वरण उकळतं. शेट महिन्यातून एकदा त्या घरी चहाला जातात.

* * *

एका साहेबांची तलवार बघून तर मला रडू यायचं बाकी होतं. अस्सल, नाव असलेली, दोनशे वर्षांच्या आतबाहेरची. पण पात्यावर जिकडेतिकडे काळे डाग. विचारलं तर म्हणाले, "दर दसऱ्याला पूजा करतो न. हळदकुंकू लावतो, टोकाला लिंबू खोचतो. चाळीस वर्षं झाली, घराला कोणाची नजर लागली नाही."

मी म्हटलं, "घराला नाही लागली साहेब. सगळी तलवारीनं खाल्ली!"

* * *

पण हसण्यावारी न जाणाराही एक दिवस आला होता. एक शिक्षिका आजोबांची तलवार घेऊन आल्या. आजोबांना जपानी सरदाराची मिळाली, असं घरात सांगत. मी मूठ काढली, नंबर वाचला आणि नेहमीच्या आवाजात सांगून टाकलं, "कारखान्याची आहे. अशा ढिगानं बनवल्या." बाई "बरं" म्हणाल्या. तलवार पुन्हा गुंडाळली आणि निघून गेल्या.

सुमनवहिनी रिकामे कप उचलता उचलता म्हणाल्या, "सर, तुमचं बरोबरच असंल. पण त्या पोरीचा आजा आज दुसऱ्यांदा मेला."

गजभिये खिडकीतून बाहेर बघत बसला होता. त्यानंतर सहा महिने त्यानं तलवारीचं नावसुद्धा काढलं नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी एरवी सांगत नाही.

एका लग्नात जेवणाच्या पंगतीत गजभियेच्या चुलतभावानं, वसंतानं, चारचौघांत त्याची खेचली. "तुह्या बापानं ती तलवार कामठीच्या कबाड्याकडून आणली असंल! मेजर कायचा अन् सात पिढ्या कायच्या!" लोक हसले. गजभियेच्या हातातला घास हातातच राहिला. तो उठला आणि म्हणाला, "येत्या रविवारी ये घरी. सर सगळ्यांसमोर उघडतील. जे निघंल ते निघंल!"

रविवारी घर भरलं होतं. वसंता पुढच्याच खुर्चीवर. गजभियेनं पांढरा शर्ट घातला होता. तलवार त्यानं माझ्या हातात दिली तेव्हा मला प्रथमच वाटलं, आपल्याला हे काही येत नसतं तर बरं झालं असतं.

खुंटी ठोकली. चार वर्षं कोणी हात न लावलेली खुंटी, पण पटकन निघाली. मूठ ओढली.

आतलं लोखंड आरशासारखं चकाकत होतं! गंजाचा कण नाही, नाव नाही, नंबर नाही. नुसत्या ताज्या घासल्याच्या रेघा.

"हे कोणी केलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी," स्वयंपाकघराच्या दारातून सुमनवहिनी म्हणाल्या. "काल धार लावणारा आला होता सायकलवाला. त्याच्या चाकावर घासून घेतलं. इतके पाहुणे येऊन राहिले, माह्या सासऱ्याची वस्तू गंजलेली कशी दाखवू जी?"

गजभिये मटकन खाली बसला. "सुमन, काय केलं वं हे! आता कधीच नाही कळणार!"

"म्हंजे खोटी आहे असंही नाही कळणार?" वहिनींनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ब्रह्मदेव आला तरी नाही."

गजभियेनं हळूहळू मान वर केली. वसंताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे, आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "ऐकलं का बे वसंता? आता कोणाच्या बापाची हिंमत नाही माह्या बापाले खोटं म्हणायची!"

सगळे हसले, वसंतासुद्धा. पाहुणे पांगले. मी मात्र कप ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. मूठ कशी काढायची हे आम्हा तिघांखेरीज त्या घरात चार वर्षं बघितलेलं माणूस एकच होतं.

"वहिनी," मी हळूच विचारलं, "चाकावर धरायच्या आधी आत काही दिसलं होतं का? एखादं अक्षर? आकडा?"

वहिनींनी गॅस बारीक केला, चहात आलं टाकलं.

"गंज होता, सर," त्या म्हणाल्या. "लय गंज होता."