एकोडीच्या मंगळावरचा रोवणा

उन्हाळ्यात माझा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सरकारी कामावरची हजेरी सकाळी आठची. मग चारला उठायचं काय कारण, असं कोणीही विचारील. बायकोने विचारलं होतं. मधल्या वेळात मी मंगळावर माती टाकत असे.

मंगळ म्हणजे आमची एकोडीबाहेरची टेकरी. तांबडा मुरूम, मधून एक कोरडा नाला, कडेला तीन पळस. वाटणीत मोठ्या भावाला तलावाखालची धानाची जमीन गेली आणि मला ही आली. भाऊ म्हणाला, "तुले मातीकाम येते, तू पाहून घेशील." मला ते कौतुक वाटलं. मी खुशीने अंगठा दिला.

मी मातीकाम करणारा मजूर. तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातले, कालवे खोदले, रस्त्यांवर मुरूम टाकला. टोपली उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून उठायचं. टोपली भरायची ती काठापर्यंत, शिगेपर्यंत नाही. शीग वाटेत सांडते, आणि सांडलेली माती म्हणजे फुकट वाहिलेली माती. एवढं शहाणपण माझ्याजवळ होतं. तेवढ्यावर मला सगळी माती कळते असा माझा समज होता.

माझी बायको मनकर्णा रोवण्यात गावात पहिली. पावसाळ्यात चिखलात ओणवं राहून धानाची रोपं लावायची, तो रोवणा. साऱ्या गावाच्या बांद्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं, तिच्या हातून रोवून निघाल्या होत्या. स्वतःची बांदी मात्र एक नव्हती. लग्नानंतर तिने माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली.

"मले सोनं नको," ती म्हणाली. "जिंदगीत एक डाव आपल्या बांदीत रोवणा कराचा आहे. दुसऱ्याच्या चिखलात कंबर मोडली, आता आपल्यात मोडू द्या."

मी हो म्हणालो. पाण्याशिवाय धान नाही आणि टेकरीवर पाणी नाही, हे मला माहीत होतं. पण हो म्हणायला खोदाई लागत नाही.

पुढे काही वर्षं ते हो तसंच पडून राहिलं. मग १९७७च्या थंडीत साकोलीला शाळेच्या पटांगणात पडद्यावर चित्रं दाखवणार आहेत, तिकीट नाही, असं चिंधूने ऐकून आणलं. चिंधू माझा कामावरचा जोडीदार. आम्ही दोघं एका सायकलवर शिनेमा पाहायला गेलो. लवकर पोचून पहिल्या ओळीत बसलो. पडदा लागला, दिवा विझला, आणि नागपूरचे एक प्रोफेसर साहेब उभे राहून मंगळ ग्रहाविषयी बोलू लागले.

"नाचगाणं कधी आहे गा?" चिंधूने मला विचारलं.

"आधी माहिती देतेत," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं, पण पहिल्या ओळीतून उठून जायची लाज वाटली.

आदल्या वर्षी अमेरिकेची दोन यानं मंगळावर गेली होती, त्यांनी वरून काढलेले फोटो साहेब दाखवत होते. एक फोटो आला आणि मी पुढे सरकलो. रुंद कोरडं पात्र होतं. त्यात मधेमधे उंचवटे उभे होते, एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला निमुळते.

आता मातीकामातली एक रीत सांगतो. खड्डा खोदताना मधे मातीचा एक खांब न खोदता सोडतात. किती खोल खोदलं ते त्या खांबावरून मोजतात. त्याला आम्ही साक्षी म्हणायचो. साक्षी पडली की मजुरी बुडाली. त्यामुळे जिथे खोदलेली जमीन दिसेल तिथे मजुराची नजर आधी साक्षी शोधते.

मी उभा राहिलो. इतक्या लोकांत मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो.

"साहेब, हे कोनाचं तरी काम होय. पाहा ना, साक्ष्या सोडल्या आहेत. मोजनी बाकी आहे."

सारं पटांगण हसलं. मागून कोणी ओरडलं, "बिल निघालं नसन अजून!" चिंधू सगळ्यांत जास्त हसला, आणि तो तर माझ्याच सायकलवर आला होता.

साहेब हसले, पण उत्तर दिलं. म्हणाले, "काम खरंच आहे, पण ते पाण्याचं. अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे मोठे पूर आले असावेत. कठीण जमीन लागली तिथे पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेलं, आणि तिच्या मागे तिच्या आडोशाला माती राहिली. नदीतल्या खडकामागे वाळूची शेपटी राहते ना, तसं." ते चुलबंद नदीत मी जन्मभर पाहिलं होतं. पण मी माणसं शोधत होतो, म्हणून नदी दिसली नाही.

"मंग ते पानी गेलं कुठी?" मी विचारलं. एकदा हसं झालं होतं, आता भीती उरली नव्हती.

"काही जमिनीखाली गोठलं असेल, काही ध्रुवांवर बर्फ होऊन आहे, काही उडून गेलं. तिथली हवा फार विरळ आहे. आज तुम्ही तिथे पाणी ओतलंत तर ते गोठेल नाहीतर उडेल. नुसतं पाणी असून भागत नाही, ते टिकायला हवं."

मग कोणीतरी विचारलं, तिथे माणसाला राहता येईल का? साहेब म्हणाले, काही शास्त्रज्ञांचा एक विचार आहे. ध्रुवांवरच्या पांढऱ्या बर्फावर काळी धूळ पसरायची. काळं ऊन धरून ठेवतं. बर्फ तापेल, त्यातून वायू सुटेल, हवा दाट होईल, मग ऊब येईल आणि पाणी टिकेल. हे झालंच तर शेकडो, कदाचित हजारो वर्षं लागतील.

"एवढी काळी माती टाकन कोन?" मी विचारलं. "अन् रोजी कोन देईन?"

"तिथेच सगळं अडलं आहे," साहेब म्हणाले.

परतताना चिंधू सायकलच्या मागे बसून सारी वाट बोलत होता. "तांबडी जमीन, कोरडा नाला, मानूस ना कानूस. तुलाराम, तुह्या टेकरीचाच फोटू काढला गा यायनं!" दुसऱ्या दिवसापासून टेकरीचं नाव मंगळ पडलं. माझं नाव मंगळवाला पडलं. ते अजून आहे.

मी मात्र वेगळ्याच घाईत होतो. घरी येऊन मनकर्णेला सांगितलं, "आपल्या टेकरीवर नाला आहे. नाला आहे म्हनजे कधीतरी पानी होतं. होतं म्हनजे येईन."

ती भात वाढत होती. म्हणाली, "माह्या आजीच्या तोंडात दात होते. आता वाटच पाहाची का?"

मी फावडं उचललं. दोन उन्हाळे पहाटे खपून मी नाल्यावर पाळ घातली आणि मागे बोडी खोदली. बोडी म्हणजे लहान तळं. कामाच्या मधोमध मी साक्षीही सोडली. मोजायला कोण येणार होतं देव जाणे, पण साक्षीशिवाय खोदणं मला जमेना. तिच्यावर बसून बिडी ओढायला बरं वाटायचं.

पाऊस आला. बोडीत कमरेइतकं पाणी झालं. मी मनकर्णेला हात धरून दाखवायला नेलं. सारं गाव येऊन गेलं. पुढच्या आठवड्यात पाऊस थांबला आणि बोडी रोज खाली खाली जाऊ लागली. पोळ्याच्या आधी तळाशी भेगा पडल्या. साक्षी तेवढी उभी होती.

चिंधू आला, साक्षीवर बसला आणि म्हणाला, "मंगळवाले, पानी उडालं का गोठलं?"

"जिरलं," मी म्हणालो.

"साहेबानं तर हे तिसरं सांगतलंच नवतं."

मुरमाच्या तळातून पाणी गेलं होतं, आणि मुरमाच्याच पाळीतून गेलं होतं. इथे मला माझ्याच डोक्यात टोपली मारून घ्यावीशी वाटली. दुसऱ्यांच्या तलावांना मी जन्मभर पाळी बांधल्या, आणि प्रत्येक पाळीच्या पोटात काळी चिकण माती कुटून भरली. ती भरल्याशिवाय पाळ पाणी धरत नाही, हे झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगितलं असतं. स्वतःच्या कामाला मात्र जवळ होता तो मुरूम ओढला. मुकादम नसला की मजूर कसं काम करतो, ते मी स्वतःला करून दाखवलं होतं.

त्या दिवशी साहेबांची काळी धूळ आठवली. त्यांची ऊन धरायला होती, मला पाणी धरायला हवी होती. पण काळीच हवी होती.

गावच्या तलावात उन्हाळ्यात पाणी आटलं की काळा गाळ उघडा पडतो. ज्याला पाहिजे त्याने न्यावा. मी नेऊ लागलो. कावडीच्या दोन्ही टोकांना टोपल्या, तलावापासून टेकरीपर्यंत, उजाडायच्या आधीपासून. आधी पाळ फोडून तिच्या पोटात काळी माती भरली. मग बोडीच्या तळाला थर दिला आणि तो पायांनी तुडवला. मनकर्णा मागून दुसरी कावड घेऊन यायची. ती माझ्याइतकीच माती आणायची आणि माझ्याहून कमी बोलायची. मग बोडीखाली एक बांदी पाडली, आणि तिच्या मुरमावरही गाळ पसरला. दर पावसात थोडा वाहून जायचा, दर उन्हाळ्यात तो परत आणावा लागायचा. मजुरीतून जे उरायचं ते टोपल्या, फावड्याचे दांडे आणि पायाच्या मलमात जायचं. मधे एकदा मी किराणा दुकानात म्हणून गेलो आणि फावडं घेऊन आलो. त्या आठवड्यात आम्ही आंबील खाल्ली.

त्या दिवसांत पहाटे दक्षिणेला एक तांबडा तारा दिसायचा. मी मनात म्हणायचो, तू तिथे, मी इथे, दोघंही कोरडे. कावड खांद्यावर घ्यायच्या आधी त्याला हात जोडायचो. अशी काही वर्षं गेली. एका पहाटे मनकर्णेने पाहिलं.

"कोनाले हात जोडता?"

"मंगळ होय तो."

तिने मान वर केली. "तो विंचू होय. हे पाहा त्याची नांगी, हे डोकं, अन् हा लाल त्याचा जीव. माही माय दाखवे." थोडं पुढे जाऊन म्हणाली, "कावड घ्या आता. विंचवाले हात जोडून पानी येत नाही."

म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच ताऱ्याशी सुखदुःख बोलत होतो. मंगळ कुठे होता, मला आजही सांगता येणार नाही.

१९८७च्या पावसाळ्यात बोडीत पाणी भरलं आणि राहिलं. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळीला त्यात म्हशी बसल्या. मी रोज जाऊन पाहत होतो. साक्षी पाण्यात बुडाली होती, नुसता माथा दिसायचा. चिंधू म्हणाला, "आता मोजनी कशी होईन गा?" मी म्हणालो, "म्हशीले विचार."

पुढल्या वर्षी आषाढात मनकर्णेने परहे घातले होते ते उपटले. परहे म्हणजे धानाची रोपं. त्या साली मंगळ पृथ्वीच्या जवळ येणार, असं पेपरात आल्याचं चिंधूने सांगितलं. आमच्याकडे ढग होते. मला फुरसत नव्हती.

रोवण्याला मनकर्णेने आपल्या बरोबरीच्या बाया रोजीवर सांगितल्या. मनकर्णा सगळ्यांत पुढे होती. कोपरापर्यंत चिखल, लुगडं खोचलेलं, ओणवी. जन्मभर तिला तशीच पाहिलं होतं. फरक एवढाच की मी धुऱ्यावर, म्हणजे बांदीच्या बांधावर, उभा होतो, आणि धुऱ्यावर मालक उभा राहतो. मला हातांचं काय करावं ते कळेना. कधी पाठीमागे घेतले, कधी कमरेवर ठेवले. शेवटी चिखलात उतरू लागलो तर मनकर्णा ओरडली, "बाहेर राहा! रोपं तुडवून राहिले. माती टाकणं येते तुमाले, रोवणा नाही येत."

दुपार कलली तेव्हा बांदी हिरवी झाली. ती एवढीशी होती. भावाच्या जमिनीच्या एका कोपऱ्यात मावली असती.

आमच्याकडे रोवणा संपला की बाया मालकाला घेरतात, चिखल लावतात आणि खाऊपिऊ मागतात. त्याला बोजारा म्हणतात. मी आजवर लोकांचे मालक घेरलेले पाहिले होते. त्या दिवशी पुष्पाबाईने माझा एक हात धरला, बेबीबाईने दुसरा. गालावर चिखल बसला.

"मालक, बोजारा!"

मी मनकर्णेकडे पाहिलं. वाटलं ती सोडवील. ती मागून ओंजळभर चिखल घेऊन आली आणि माझ्या कपाळाला लावला.

"माहाही बोजारा," ती म्हणाली. "अन् रोजी येगळी. मी फुकट रोवत नसतो."

"तू तर मालकीण होस ना वो," पुष्पाबाई म्हणाली.

"ते उद्यापासून," मनकर्णा म्हणाली. "आज काम केलं."

काम केलं त्याला मजुरी, यावर मी जन्मभर भांडलो होतो. चिंधूला सायकलवर साकोलीला पिटाळलं. रोजी वाटून खिशात उरलं ते सगळं त्याच्या हातावर ठेवलं. एवढ्या उन्हाळ्यांची मजुरी शेवटी त्यात गेली: बायांची रोजी, त्यात मनकर्णेची रोजी, आणि वर मुरमुरे, फुटाणे, गूळ, एक नारळ. मनकर्णेने आपली रोजी पदराच्या गाठीत बांधली, धुऱ्यावर बसली आणि गुळाचा मोठा खडा स्वतःसाठी उचलला.